दुधी काच

"हेच घ्यायचं," मी म्हटलं.

"आक्का, एकदा आबांना विचारून..." उज्ज्वला म्हणाली.

"आबांनी मला पाठवलंय. पैशाची पिशवी माझ्याकडं आहे."

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या एका बोळात शिंत्र्यांचं दुकान होतं. बंद पडलेल्या स्टुडिओंचं सामान ते विकायचे. आमच्यासमोर टेबलावर दोन एन्लार्जर उभे होते. दोन्ही जुने, दोन्ही चालू, किंमतही सारखीच. फोटो मोठा करायचं मशीन ते. वर डोक्यात दिवा, त्याखाली निगेटिव्ह, त्याखाली लेन्स आणि तळाच्या फळीवर कागद. डोकं खांबावर जेवढं वर चढवाल तेवढा फोटो मोठा. मिरजेत माझ्या वडिलांच्या, आबांच्या स्टुडिओतल्या जुन्या मशीनचा स्क्रू पार झिजला होता. कागदावर उजेड पडत असतानाच डोकं सुईभर खाली घसरायचं आणि नवरीला दोन नाकं यायची.

"फरक काय हो दोन्हीत?" मी शिंत्र्यांना आधी विचारून घेतलं होतं.

"ह्यात दिव्याखाली दुधी काच आहे, बाई. उजेड पसरून येतो, मऊ येतो. आणि ह्या दुसऱ्यात दोन जाडजूड भिंगं आहेत. उजेड एकदम सरळ. निगेटिव्हवर असेल ते सगळं कागदावर उतरवणार. धूळ म्हणू नका, ओरखडा म्हणू नका. लपवाछपवीचं काम नाही."

ओरखडा हा शब्द ऐकला आणि माझं ठरलंच. उज्ज्वला म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, भरतेशची बायको. तिला घाई फार. धुतलेली फिल्म दोन बोटांच्या चिमटीत धरून सर्रकन पाणी निपटायची आणि तिच्या प्रत्येक फिल्मवर लांबच्या लांब ओरखडे पडायचे. आमच्या जुन्या मशीनमध्ये ते दिसायचे नाहीत. का दिसायचे नाहीत, ते मला त्या दुकानात कळलं. जुन्यातही दुधी काच होती.

"आक्का, आपल्याला दुधी काचेचंच बरं पडेल," ती हळू आवाजात म्हणाली. "आपलं काम सगळं चेहऱ्यांचं. आपल्या निगेटिव्हवर..."

"तुझ्या निगेटिव्हवर काय असतं ते मला माहितेय."

शिंत्रे दोघींच्या तोंडाकडं बघत राहिले. मी पिशवीची गाठ सोडली.

येताना एसटीत मशीनचं डोकं पोत्यात गुंडाळून तिनं मांडीवर घेतलं आणि खांब मी दोन पायांत धरला.

या गोष्टीला आता चाळीस वर्षं होऊन गेली, त्यामुळं आडपडदा कशाला? उज्ज्वलाला मी पहिल्या दिवसापासून पाण्यात बघत होते. ती हसली तरी माझ्या पोटात दुखायचं. त्याला कारण होतं, आणि ते कारण म्हणजे डार्करूम.

लग्न होऊन दीड वर्षात मी माहेरी परत आले होते. त्या माणसाचं दुसरीकडं घर होतं, एवढं पुरे. तेव्हा आबांनी माझ्या हातात पेन्सिल दिली आणि खिडकीजवळचं तिरकं टेबल दिलं. रिटचिंगचं काम. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर पांढरी, आरपार दिसते. तिथं टोकदार पेन्सिलीनं बारीक बारीक स्वल्पविराम भरायचे, म्हणजे फोटोत सुरकुती गायब. मुरुम, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं गायब. मिरज-सांगलीतल्या किती मुलींची लग्नं माझ्या पेन्सिलीनं जमवली असतील त्याला गणती नाही. सात वर्षं मी ते काम केलं आणि सात वर्षांत आबांनी माझ्या एकाही निगेटिव्हला नाव ठेवलं नाही. मी दिली की "ठेव" म्हणायचे. मग ते ती डार्करूममध्ये घेऊन जायचे आणि संध्याकाळी तिथनं गुळगुळीत चेहरे बाहेर यायचे. मला वाटायचं, इतकं चांगलं करते मी, की बोलायला जागाच नाही.

"मी थकलो की डार्करूम तुझी, रत्ना," असं ते मला म्हणालेही होते. एकदा नाही, चार-पाचदा.

मग त्यांना दमा लागला. औषधांच्या वासात उभं राहायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं. त्याच सुमाराला भरतेशचं लग्न झालं आणि ही पुण्यातला फोटोग्राफीचा डिप्लोमा घेऊन घरात आली. दुसऱ्याच महिन्यात आबांनी डार्करूमची किल्ली तिच्या हातात ठेवली. माझ्यासमोर. मी टेबलावर बसले होते, पेन्सिलीचं टोक कट्कन मोडलं. "आता प्रिंटिंग उज्ज्वला बघेल," ते म्हणाले. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी रिटच केलेल्या निगेटिव्ह अजूनही आधी त्यांच्याच हातात जायच्या, एक दिवस त्यांच्या खोलीत राहायच्या आणि मग तिच्याकडं जायच्या.

माझ्या जिवाला थंडावा एकच होता. तिला आबा सोडायचे नाहीत. तिचा प्रिंट घेऊन दारात उन्हाला धरायचे. "काळं कुठंय यात? सगळा राख फासल्यासारखा झालाय. परत कर." आणि टर्र! तिच्या तोंडावर फाडून टाकायचे. ती लालबुंद व्हायची, आत जाऊन दार लावून घ्यायची आणि परत करायची. कधीकधी दिवसात तीनदा. तो टर्र आवाज ऐकला की मला त्या दिवशी जेवण गोड लागायचं. इतकी मी वाईट होते.

मशीन घरी आलं तेव्हा आबा ओसरीवर होते. पोतं सुटलं, दिव्याचं झाकण उघडून त्यांनी आत बघितलं.

"भिंगांचं आणलंत?"

"मी ठरवलं," मी म्हटलं.

ते उज्ज्वलाकडं बघायला लागले. ती खाली बघत होती. मला जरा नवल वाटलं.

"तुला सांगितलं होतं मी," ते तिला म्हणाले.

म्हणजे काय आणायचं ते तिला सांगून ठेवलं होतं! आणि मी नुसती पिशवी सांभाळायला! माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणता, की भिंगांचं आणलं ते उत्तमच केलं असं वाटलं.

"बरं," आबा म्हणाले. "आणलंय तर बसवा."

रविवारी भरतेशनं डार्करूमच्या भिंतीत लोखंडी घोड्या ठोकल्या आणि त्यावर जाड फळी टाकली, म्हणजे रस्त्यानं ट्रक गेला तरी मशीन हलायला नको. पुढचं सगळं उज्ज्वलानं केलं. गवंड्याकडची लेव्हल आणून फळीवर आडवी ठेवली, उभी ठेवली, एका कोपऱ्याखाली वर्तमानपत्राच्या घड्या सरकवल्या. एका वाया गेलेल्या फिल्मवर ब्लेडनं चौकट ओढली, ती खाली फळीवर पाडली आणि चारी बाजू पट्टीनं मोजल्या. डावी बाजू दोन दोऱ्यांइतकी मोठी आली. तिनं डोक्याचा स्क्रू ढिला करून जरासा कलता केला, परत मोजलं. तास गेला, दोन तास गेले. मी दारात उभी राहून वाट बघत होते, की आता हिचं चुकेल, मग चुकेल.

पहिला प्रिंट तिनं स्वतःच्याच फिल्मचा काढला. कृष्णेच्या घाटावरच्या बायका होत्या त्यात. आणि काय सांगू, बायकांच्या अंगावरनं आडव्या तारा ओढल्यासारखे ओरखडेच ओरखडे!

"अगंबाई!" मी म्हटलं. "विजेच्या तारा आहेत का गं घाटावर?"

भरतेश हसला. ती नाही हसली. तिनं फिल्म काढली, नाकाच्या शेंड्यावरनं बोट फिरवलं आणि ते तेलकट बोट फिल्मच्या पाठीवर अलगद चोळलं. परत घातली, परत काढला. ओरखडे नाहीसे! नाकावरच्या तेलानं चिरा भरून येतात म्हणे. "आमचे सर असंच करायचे, आक्का," असं मला वर सांगितलं. मी तरातरा स्वयंपाकघरात गेले आणि रागाच्या भरात आमटीत दोनदा मीठ घातलं.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस तिचा एकही प्रिंट खराब आला नाही. माझे रिटच केलेले चेहरेही पूर्वीसारखेच गुळगुळीत येत होते. एवढं सुरीसारखं मशीन आणलं आणि हिचा केसही वाकडा झाला नाही! काहीतरी गोम आहे, असं मला सारखं वाटायला लागलं.

एका दुपारी ती बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेली होती. किल्ली खुंटीवर होती. मी डार्करूम उघडली, साधा दिवा लावला आणि मशीनच्या डोक्याचं झाकण उचललं. दिव्याच्या खाली, वरच्या भिंगावर, गोल कापलेला बटर पेपर बसवलेला होता. दिव्याच्या उष्णतेनं तपकिरी पडलेला. म्हणजे भिंगांच्या मशीनचं हिनं गुपचूप दुधी काचेचं मशीन करून टाकलं होतं!

चोरी सापडली, असं मला झालं. स्वतःच्या चुका झाकते आणि आबांना पत्ता नाही. आरडाओरडा करावासा वाटला, पण मी केला नाही. मी तो कागद काढला, चुरगाळला आणि मोरीत टाकला. म्हटलं, आता होऊ दे आबांच्या डोळ्यांदेखत.

दुसऱ्याच दिवशी दस्तगीरचाचांची निगेटिव्ह प्रिंटिंगला गेली. दस्तगीरचाचा तंबोरे करायचे, आबांचे जुने स्नेही. त्यांच्या मुलांना दुकानात लावायला त्यांचा मोठा फोटो हवा होता. चाचांच्या चेहऱ्यावर लहानपणच्या देवीचे वण होते, शिवाय ऐंशी वर्षांच्या सुरकुत्या. मी दोन दिवस मान मोडून काम केलं होतं. सात वर्षांतलं माझं सगळ्यात चांगलं काम, असं मी भरतेशला सांगितलंही होतं.

अकराच्या सुमाराला उज्ज्वलानं डार्करूमचं दार किलकिलं केलं.

"आक्का, जरा आत या. एकट्याच या."

लाल दिव्याखाली पाण्याच्या ट्रेमध्ये चाचांचा चेहरा तरंगत होता. हातभर मोठा. तिनं तो उचलून काचेवर टाकला आणि साधा दिवा लावला.

गालांवर, कपाळावर, डोळ्यांखाली माझे स्वल्पविराम होते. एकूणएक दिसत होते. चाचांच्या तोंडावर जणू पांढऱ्या मुंग्यांचं वारूळ फुटलं होतं.

"वरचा बटर पेपर कुणी काढला?" तिनं विचारलं.

माझं लक्ष दुसरीकडं गेलं होतं. माझ्या स्वल्पविरामांच्या मधेमधे आणि काही ठिकाणी तर त्यांच्या अंगावर, अगदी बारीक, खसखशीएवढे गोल होते. शेकडो. माझा हात गोल काढत नाही. मी आयुष्यात कधी गोल काढला नव्हता.

"हे माझं नाही," मी म्हटलं.

तिनं काचेवरचं पाणी फडक्यानं पुसलं.

"तू माझ्या निगेटिव्हला हात लावलास? माझ्या? डार्करूम घेतलीस, आबांना घेतलंस, आता माझी पेन्सिलही घेणार?"

"आक्का, हळू. आबा बाहेर आहेत."

"असू देत की! येऊ दे त्यांना!" मी तो ओला प्रिंट तसाच उचलला आणि पाणी गाळत बाहेर आले. "आबा! बघा तुमच्या सुनेचे प्रताप. माझ्या पाठीमागं माझ्या कामावर गिरवते ही!"

आबांनी प्रिंट बघितला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. उज्ज्वला दारात येऊन उभी राहिली होती. मी वाट बघत होते, की आता तिला बोलतील. फाडतील. हाकलतील.

"तिला काही बोलू नको," आबा म्हणाले. "गोल माझे आहेत."

मला पहिल्यांदा नीट कळलंच नाही.

"तुमचे? ह्याच निगेटिव्हवर?"

"सगळ्याच."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

"सात वर्षं?"

"लागेल तिथं. रोज नाही." त्यांना धाप लागली होती. ते खुर्चीवर बसले. "तुझा हात जड पडतो, रत्ना. एका जागी भरतेस. मग कडेनं मला गोल घालून ते मिसळून घ्यावं लागतं. दुधी काचेत दिसायचं नाही कुणाला."

"मग मला सांगितलं का नाहीत? हिचे प्रिंट तोंडावर टराटरा फाडता! मला एका शब्दानं कधी..."

"परत आलीस तेव्हा तू जेवत नव्हतीस. आठवतंय? पेन्सिल दिली तशी निदान बसून राहायला लागलीस. पहिली निगेटिव्ह वाईट होती. म्हटलं, आत्ता नको, उद्या सांगू. मग तू दोन घास जास्त खायला लागलीस. मग लोकांना आपल्या कामाबद्दल अभिमानानं सांगायला लागलीस. मग कुठल्या तोंडानं सांगणार?"

"आणि डार्करूम? माझी म्हणत होतात ती?"

आबांनी मान खाली घातली. बोलली ती उज्ज्वला.

"तुम्ही आत आला असता तर निगेटिव्ह तुमच्या हातात आली असती, आक्का. आबांनी हात फिरवल्यानंतरची. तुम्हाला गोल दिसले असते."

म्हणून किल्ली तिला. म्हणून दुधी काच आणायचं तिला सांगितलेलं, आणि म्हणून तो बटर पेपर. तिच्या ओरखड्यांना तिचं नाक पुरत होतं. कागद माझ्यासाठी होता.

"तुला ठाऊक होतं," मी तिला म्हटलं.

"फोकस बघायचं भिंग डोळ्याला लावलं की पहिल्याच दिवशी दिसतं. आबांनी सांगू नको म्हटलं. दुकानात मी तुम्हाला अडवत होते ना? ऐकून घ्याल तर शपथ." तिच्या आवाजात चीड होती. दोन वर्षांची साठलेली चीड, आणि तिला तेवढा हक्क होता.

"कागद मी काढला," मी म्हटलं.

"कळलं ते."

मी टेबलाशी जाऊन बसले. रडू येत नव्हतं. डोळ्यांपुढं ते सगळे फाडलेले कागद येत होते, उज्ज्वलाचे, दोन वर्षांचे, आणि त्यातल्या एकेका तुकड्यासाठी मी जळत होते. आधी तिच्याकडं डार्करूम आहे म्हणून जळायची. आता तिला माझ्या बापानं दहा वेळा "परत कर" म्हटलं म्हणून जळत होते. मला सात वर्षांत एकदाही म्हटलं नव्हतं. तिला ते कामाचं माणूस समजत होते. मला ते आजारी माणूस समजत होते.

अर्ध्या तासानं मी उठले.

"उज्ज्वला, ती निगेटिव्ह दे."

कापसाच्या बोळ्यावर टर्पेंटाइन घेतलं आणि निगेटिव्ह पुसली. माझे स्वल्पविराम गेले, आबांचे गोल गेले. चाचांचे सगळे वण जसेच्या तसे पुढ्यात आले. आबा खुर्चीतनं अर्धे उठले आणि परत बसले. मी पेन्सिलीला सँडपेपरवर पार सुईसारखं टोक काढलं आणि पहिल्या वणापासून सुरुवात केली. हात हलका, हलका, आणखी हलका. दुपारी जेवले नाही, पण त्या वेळी कुणी मला जेव म्हणालं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निगेटिव्ह आबांना न दाखवता थेट डार्करूममध्ये नेली. उज्ज्वलानं ती मशीनमध्ये घातली. वर बटर पेपर घालू का, असं तिनं विचारलं. मी नको म्हटलं.

प्रिंट धुऊन झाल्यावर तो घेऊन आम्ही दोघी बाहेर आलो. आबांनी तो दाराशी उजेडाला धरला. बराच वेळ बघितला. मी त्यांच्या बोटांकडं बघत होते.

"छान झालंय," ते म्हणाले. "फारच छान."

ते माझ्याकडं बघत नव्हते. अजूनही त्यांना जमत नव्हतं, बिचाऱ्यांना. मी प्रिंट त्यांच्या हातातनं घेतला आणि तिच्यापुढं धरला.

"तू सांग."

उज्ज्वलानं आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग प्रिंटवर वाकली. भिंग लावून डावीकडनं उजवीकडं सगळा चेहरा तपासला, घाई न करता.

"डावा गाल वाईट आहे, आक्का," ती म्हणाली. "अजून जड पडतोय तुमचा हात. आणि कपाळ इतकं साफ केलंत की ते चाचांचं वाटत नाही. थोडे वण ठेवा त्यांचे."

आबांनी मान दुसरीकडं वळवली. मला तिचा असा राग आला, असा राग आला, की तिच्या हातातलं भिंग हिसकावून घ्यावंसं वाटलं.

"अजून काय?" मी विचारलं.

"अजून हनुवटी."

मी डार्करूममधनं निगेटिव्ह काढून आणली आणि टेबलाशी जाऊन परत पुसायला घेतली.